ऑपरेटर बदलण्याआधी पाण्याचा कूलर हलवा

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) पॅकिंगचा माल बनवणारं साठेक माणसांचं युनिट आहे. विचारणारे तिथे स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळतात. एक तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन लोखंडी दात्यांनी, म्हणजे फोर्कनी, माल उचलणारी गाडी), एक दीड टनी बॅटरीवाली. दोन महिन्यांत तीन प्रकार झाले. आधी रॅकचा खांब वाकला. मग वळताना बॅटरीवालीचं मागचं चाक एका हेल्परच्या बुटाला घासून गेलं. आणि गेल्या आठवड्यात ब्रेक मारल्यावर पॅलेटवरचा (माल ठेवायच्या पाटावरचा) माल पुढे घसरून खाली आला. कुणाला लागलं नाही. शेठ म्हणतात, ऑपरेटर बदला आणि मोठा हॉर्न बसवा. विचारणाऱ्यांना ते पटत नाही, पण शेठना दुसरं काय सांगावं तेही सुचत नाही, आणि खर्च बेताचा हवा. जाता जाता त्यांनी लिहिलंय, "हे सगळं नेमकं संध्याकाळीच होतं."

मी अठ्ठावीस वर्षं याच कामात आहे. आधी मेंटेनन्समध्ये होतो, गेली पंधरा वर्षं ऑपरेटरांना शिकवतो. मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली या पट्ट्यातल्या बऱ्याच शेडमध्ये उभा राहिलोय. तुमची शेड मात्र पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी मी "अमुकच करा" अशा सांगू शकत नाही. रॅकमधली गल्ली किती रुंद आहे, दिवसाला किती ट्रक भरता, ऑपरेटर तुमच्या पगारावर आहे की ठेकेदाराचा, यावर बरंच अवलंबून असतं. पण तुम्ही दिलेल्या तीन प्रसंगांवरून एक अंदाज बांधता येतो, आणि तो ऑपरेटरच्या हातापायांबद्दल नाही.

गेल्या आठवड्यात माल घसरला, तेव्हा ऑपरेटरनं ब्रेक कुणासाठी मारला? हे कुणी विचारलं का? बहुतेक ठिकाणी विचारत नाहीत. माल पडला, नुकसान दिसलं, ऑपरेटरला झापलं, विषय संपला. पण भरलेल्या गाडीला कुणी उगाच करकचून ब्रेक मारत नाही. मधे कुणीतरी आलं असणार. बूट घासला तो हेल्परही गाडीच्या वाटेतच होता. आणि खांब वाकला त्या दिवशी ऑपरेटर कुणाला चुकवायला वळला होता, की गल्लीत कुणी ट्रॉली लावून ठेवली होती, तेही शोधा. मला वाटतं तिन्ही प्रसंगांत तुम्हाला एकच गोष्ट सापडेल: माणसं आणि गाडी एकाच वाटेनं चालतायत. ऑपरेटर बदलला तरी वाट तीच राहील, आणि नवा माणूस तुमच्या जमिनीचे खड्डेही ओळखत नसेल.

यात वेगाचं गणित फार लोक करत नाहीत, म्हणून करून दाखवतो. ताशी १० किलोमीटर हा वेग शेडमध्ये कुणाला जास्त वाटत नाही. पण त्या वेगात गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत एक सेकंद धरा, पावणेतीन मीटर तिथेच गेले. पुढे गाडी थांबायला आणखी दोनेक मीटर. म्हणजे जवळपास पाच मीटर. तीन टनी डिझेल गाडीचं स्वतःचंच वजन सव्वाचार-साडेचार टन असतं, वर माल. आणि खरी गोम पुढे आहे: भरलेल्या गाडीला जोरात ब्रेक मारला तर माणूस वाचतो आणि माल जातो, हळू मारला तर माल वाचतो. तुमच्या ऑपरेटरनं माणूस वाचवला असेल तर शेठनी त्याला चहा पाजायला हवा. हाच वेग निम्मा केला, चालत्या माणसाच्या वेगाला आणला, तर थांबायला दोन-अडीच मीटर पुरतात. डिझेल गाडी रिकाम्या मैदानात १८-२० पर्यंत पळू शकते. ती पळू नये म्हणून सर्व्हिसवाल्याकडून वेग बांधून घेता येतो. भिंतीवर "हळू चालवा" लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आता हॉर्न. मोठ्या हॉर्नला माझा विरोध आहे असं नाही, पण त्यानं काही सुटत नाही. पहिला आठवडा लोक दचकतात, दुसऱ्या आठवड्यात कान सरावतात. रिव्हर्सचा बझर दिवसभर वाजत असतो, त्याच्याकडे कोण लक्ष देतं? शिवाय बंद शेडमध्ये आवाज पत्र्यावरून फिरतो, गाडी कुठून येतेय ते कळत नाही, आणि दचकलेला माणूस कधीकधी नेमका चुकीच्या बाजूला सरकतो. त्यापेक्षा निळा दिवा लावा. गाडीच्या पुढे-मागे काही मीटरवर जमिनीवर निळा ठिपका पडतो, आणि कोपऱ्याआडून गाडी येण्याआधी ठिपका येतो. लोक खाली बघत चालतात, त्यामुळे तो दिसतो. कोपऱ्यावर गोल फुगीर आरसा लावा. पण हेही दुसऱ्या पायरीवरचे उपाय. आधी वाटा वेगळ्या करा.

ते कसं करायचं? मी जिथे जातो तिथे पहिला दिवस गाडीला हातच लावत नाही. एक वही घेतो, ज्या चौकात सगळं घडतं तिथे एक पूर्ण शिफ्ट उभा राहतो, आणि माणूस गाडीच्या वाटेवरून ओलांडून गेला की एक रेघ मारतो. शेजारी लिहितो, कशासाठी गेला. वाघोडिया बाजूच्या एका शेडमध्ये दुपारपर्यंतच रेघा शंभराच्या वर गेल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक एकाच कारणाच्या होत्या: पाणी. पॅकिंगची टेबलं गाडीच्या वाटेच्या या बाजूला, कूलर त्या बाजूला. तिथला मॅनेजर वही बघून बराच वेळ गप्प होता. त्याच संध्याकाळी प्लंबर बोलावला, दुसऱ्या दिवशी कूलर अलीकडे आला. खर्च पाइपाचा आणि मजुरीचा. त्या चौकातल्या रेघा पुढच्या वेळी मी मोजल्या तेव्हा वहीचं अर्धं पानही भरलं नाही.

तुमच्याकडे कूलर नसेल, हजेरीचं मशीन असेल, संडास असेल, चहाची किटली असेल, नाहीतर तंबाखू मळायचा कोपरा असेल. माणूस उगाच ओलांडत नाही, त्याला पलीकडे काहीतरी हवं असतं. ते अलीकडे आणा. जे आणता येत नाही त्याच्यासाठी एकच ठरलेली जागा ठेवा ओलांडायला, आणि तिथे गाडीला थांबायला लावा. चालायची वाट साधारण मीटरभर रुंद, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. पण नुसता रंग पुरत नाही, हे अनुभवानं सांगतो. रंगाची पट्टी म्हणजे विनंती. डिस्पॅचच्या गर्दीत त्या पट्टीवर पॅलेट ठेवलं जातं आणि माणसं परत गाडीच्या वाटेवर येतात. जिथे सगळ्यात जास्त धोका आहे तिथे तरी लोखंडी रेलिंग करा. मकरपुऱ्यात फॅब्रिकेटरची काय कमी आहे!

संध्याकाळचं काय? याला माझ्या डोक्यात दोन-तीन कारणं आहेत, तुम्ही ताडून बघा. ट्रान्सपोर्टच्या गाड्या संध्याकाळी लागतात, सगळा माल त्याच दोन तासांत भरायचा असतो, त्यातच शिफ्ट बदलते. हे झालं उघड कारण. दुसरं लोकांच्या लक्षात येत नाही: तुमचं शटर पश्चिमेला आहे का? असेल तर पाच वाजता आत येणाऱ्या ऑपरेटरच्या पाठीवर ऊन आणि समोर अंधार, बाहेर जाताना थेट डोळ्यांत ऊन. डोळे उजेडातून अंधारात सरावायला वेळ घेतात, आणि तेवढ्या वेळात तो पाच-दहा मीटर आत आलेला असतो. दारात थांबून, एक हॉर्न, मग आत, हा नियम करा, आणि शटरच्या आतल्या बाजूचे दिवे दिवसाही चालू ठेवा. मी एकदा शटरच्या आत स्टूल टाकून बसलो होतो. बाहेरून आलेला प्रत्येक ऑपरेटर डोळे बारीक करून आत शिरत होता आणि एकानंही वेग कमी केला नव्हता. तिसरं कारण, ट्रकवाला घाई करतो. त्याला बाहेर निघायचं असतं. एखाद्या वेळी फोर्कलिफ्ट अजून ट्रकच्या हौद्यात असते आणि तो स्टार्टर मारतो. ट्रक भरताना त्याची चावी तुमच्या टेबलावर आली पाहिजे आणि चाकांना ठोकळे लागले पाहिजेत. ड्रायव्हर कुरकुर करेल. करू दे.

आता बुटाचा प्रसंग. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, पुढची नाहीत. कार किंवा ट्रक चालवणाऱ्याच्या अंगवळणी नेमकं उलटं पडलेलं असतं. गाडी डावीकडे वळली की तिचं बूड उजवीकडे फेकलं जातं, आणि गाडी जितकी जोरात वळेल तितकं जास्त. बाजूला उभ्या माणसाला वाटतं, फोर्क माझ्यापासून लांब आहेत, मी सुरक्षित. त्याला बूड लागतं. म्हणून "हेवी लायसन्स आहे, मग फोर्कलिफ्ट काय अवघड" असं म्हणून कुणाला बसवत असाल तर ते थांबवा. हे हेल्परांना शिकवायचं असेल तर पाटीवर चित्र काढू नका. मोकळ्या जागेत गाडी उभी करा, मागच्या कोपऱ्याला दोरीनं खडू बांधून जमिनीला टेकवा आणि ऑपरेटरला पूर्ण स्टिअरिंग मारून वळायला सांगा. जमिनीवर जो कमानीसारखा पट्टा उमटतो तो बघून हेल्पर आपणहून मागे सरकतात.

घसरलेल्या मालाबद्दल ब्रेकच्या पलीकडेही बघा. फोर्क पॅलेटखाली पूर्ण गेले होते का? लांब मालाखाली फोर्क निदान दोन-तृतीयांश तरी गेलेच पाहिजेत. दोन्ही फोर्क मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर, आणि पॅलेट झेपेल तेवढे फाकलेले. चालताना मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) मागे कललेला, फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर वर, त्याहून जास्त नाही. माल ऑपरेटरच्या नजरेआड येण्याएवढा उंच असेल तर गाडी उलटी चालवायची, म्हणजे मागे बघत. आणि माल गुंडाळलेला होता का, हेही बघा. तुम्ही पॅकिंगच्या धंद्यात आहात, आणि तुमच्याच मालाला स्ट्रेच फिल्म नसेल तर मी काय बोलणार.

इथे एक गणित तुमच्या खास कामाचं. गाडीवर लिहिलेलं "तीन टन" हे साधारणपणे मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या तोंडापासून ५०० मिलिमीटरवर असेल तरचं असतं. माल लांब असेल तर मध्य पुढे सरकतो. पुढच्या अॅक्सलपासून फोर्कच्या तोंडापर्यंत समजा ४८० मिलिमीटर आहेत, तर तराजूच्या नियमानं ३०००×(४८०+५००) म्हणजे २९,४०,००० (किलो गुणिले मिलिमीटर) एवढा जोर गाडी तोलते. तुमचे पुठ्ठ्याचे गठ्ठे १६०० मिलिमीटर लांब असतील तर मध्य ८०० वर गेला. २९,४०,००० भागिले १२८० (४८०+८००) केलं की उरतात सुमारे २३०० किलो. तीन टनातले सातशे किलो नुसत्या लांबीनं गेले. हा अंदाज आहे, खरा आकडा गाडीवरच्या क्षमतेच्या पाटीवर उंचीप्रमाणे दिलेला असतो. कित्येक गाड्यांवर ती पाटी तेलानं काळी पडलेली असते. घासून वाचता येत नसेल तर कंपनीच्या डीलरकडून नवी मागवा. रोल पकडायचा क्लॅम्प लावला असेल तर क्षमता आणखी घटते.

याच तराजूपायी माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका कारखान्यात अडीच टनाच्या वर असलेली डाय (लोखंडी साचा) दोन टनी गाडीनं हलवायची होती. क्रेन दुसरीकडे अडकलेली. मागची चाकं उचलू लागली तेव्हा मीच दोघा हेल्परांना काउंटरवेटवर (गाडीच्या मागे तोलासाठी असलेल्या लोखंडी वजनावर) उभं राहायला सांगितलं. आपल्याकडे सर्रास करतात हे. दोघांचं मिळून वजन असेल सव्वाशे किलो. डाय उचलली गेली, दहा पावलं गाडी चाललीही. मग जमिनीतल्या जोडावर पुढचं चाक दणकलं, मागची बाजू वर आली आणि धाडकन खाली बसली. एकजण खाली पडला आणि त्याचा पाय मागच्या चाकापाशी गेला. दोन बोटं गेली. त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा त्याच्या आईनं मला पाणी दिलं, काही बोलली नाही. मागची चाकं हलकी झाली म्हणजे केवळ उलटायची भीती नसते, स्टिअरिंगही त्याच चाकांवर असतं, ते हवेत गेलं की गाडी कुणाच्याच हातात नसते. माणूस हे वजन नव्हे. तुमच्याकडे कुणी असं करत असेल तर आजच बंद करा. त्याच जातीचा दुसरा प्रकार, पॅलेटवर उभं करून वरची ट्यूबलाइट बदलायला लावणं. साठ माणसांच्या युनिटला एक चांगली शिडी परवडते.

उलटण्याचा विषय निघालाच आहे, तर सीटबेल्ट. ऑपरेटर म्हणतात, सारखं चढ-उतर करायचं, कोण लावणार? त्यांना हे सांगा: गाडी एका बाजूला कलू लागली की अंग आपोआप उडी मारायला बघतं, आणि उडी त्याच बाजूला पडते जिकडे गाडी पडणार असते. वरचं लोखंडी छत, जे डोक्यावर माल पडू नये म्हणून असतं, तेच अंगावर येतं. म्हणून बसून चालवायच्या गाडीत उडी मारायची नाही. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. बेल्ट असेल तर हे जमतं. उभं राहून चालवायच्या काही गाड्यांत सूचना वेगळी असते, ती तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. आणि उतारावर भरलेली गाडी असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला: चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तर फोर्क उताराच्या बाजूला. उतारावर वळायचं नाही, काहीही झालं तरी.

रॅकच्या वाकलेल्या खांबाचं काय केलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. हातोड्यानं सरळ केला असेल तर तो खांब निकामी समजा. त्या खणातला माल आधी उतरवा, रॅकवाल्याला दाखवा, मगच परत भरा. खांब सरळ दिसतो पण भार घेत नाही, आणि एक रॅक कोसळली की शेजारची घेऊन जाते. नवीन खांबांना जमिनीत बोल्ट करून लोखंडी रक्षक बसवा. गल्लीबद्दलही बघा: तीन टनी डिझेल गाडीला काटकोनात वळून माल लावायला साधारण चार मीटरच्या आसपास जागा लागते. तुमची गल्ली साडेतीन मीटर असेल तर खांब वाकणारच, त्याला ऑपरेटर काय करणार? तिथे बॅटरीवाली वापरा, डिझेल बाहेर ठेवा. धुराचाही त्रास वाचेल.

रोजच्या तपासणीवर मी लांबण लावणार नाही, प्रत्येक गाडीच्या पुस्तकात ती आहे. टायर, ब्रेक, होज गळतंय का, साखळी, दिवे, हॉर्न, बेल्ट. दहा मिनिटं. फक्त एक गोष्ट बहुतेक सोडून देतात ती म्हणजे फोर्कची टाच, जिथे फोर्क वळतो ती जागा. ती जमिनीवर घासून झिजते. जाडी मूळच्यापेक्षा दहा टक्के कमी झाली की फोर्क बदलायचा. ४५ मिलिमीटरचा असेल तर ४०.५ वर आला म्हणजे संपला. कॅलिपर लावून महिन्यातून एकदा मोजा. वेल्डिंग करून जाडी भरणारे लोक भेटतील, त्यांना चहा देऊन परत पाठवा. आणि या तपासणीच्या नोंदवहीबद्दल एक सूचना. ऑपरेटरनं "ब्रेक ढिला" लिहिलं आणि तरी तुम्ही दिवसभर गाडी चालवली, तर ती वही उद्या तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. वही सुरू करायची असेल तर गाडी बंद करायचा अधिकार आधी ऑपरेटरला द्या. शेठ याला तयार नसतील तर वही नुसती देखाव्याची होईल.

बॅटरीवालीच्या चार्जिंगला हवेशीर जागा द्या. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, म्हणून तिथे बिडी नाही, ठिणगी नाही. जवळ डोळे धुवायला पाण्याची सोय हवी.

आता बडोद्याच्या दोन गोष्टी, ज्या बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाहीत. एक, नवरात्र. नऊ रात्री गरबा, लोक मध्यरात्रीनंतर घरी येतात आणि सकाळी आठला गाडीवर बसतात. मी स्वतः दांडिया बाजारातला, मला कुणाला गरबा खेळू नको म्हणायचं नाही. पण त्या दिवसांत माझ्या माहितीतले शहाणे सुपरवायझर जड माल सकाळी पहिल्या दोन तासांत हलवत नाहीत, आणि गाडीवर बसण्याआधी ऑपरेटरशी चार वाक्यं बोलतात. झोप डोळ्यांत असेल तर ती चार वाक्यांत कळते. उत्तरायणात (संक्रांतीला) आणि होळीला उलटं होतं, ऑपरेटर गावी जातात, चावी गाडीतच लटकलेली असते आणि "मला येते" म्हणणारा हेल्पर सीटवर बसतो. चावी तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा, नाव लिहून द्या, नाव लिहून घ्या. एवढंच केलंत तरी अर्धे अनाडी चालक गाडीवरून उतरतील.

दुसरी गोष्ट भाषा. आपल्या शेडमध्ये सूचनांचे फलक इंग्रजीत असतात, कारण ऑडिटरला ते दाखवायचे असतात. गाडी चालवणारा बहुतेक वेळा दाहोदचा, पंचमहालचा, नाहीतर उत्तर प्रदेश-बिहारचा. गुजराती आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, चित्रासकट लावा. आपण मराठी माणसं आपसात मराठीत ठरवतो आणि समोरच्याला कळलं असं समजतो, तेही एक आहे.

पावसाळ्यात शटरपाशी ओल्या टायरांची पट्टी आतपर्यंत येते. गुळगुळीत फरशीवर ती साबणासारखी असते. दारात जाड पायपुसणं टाका, रोज पुसा, आणि तिथे वळण घेऊ नका. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

कायद्याचं विचारलेलं नाही, तरी शेठना पटवताना उपयोगी पडेल. १९४८ च्या कारखाना कायद्यात उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा तरी तपासणी करून घ्यायची तरतूद होती, आणि १९८७ च्या दुरुस्तीनं कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी थेट कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात त्याच्यावर, टाकली. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही जबाबदारीचा रोख मालकाकडेच आहे. ऑपरेटर ठेकेदाराचा होता असं सांगून कुणी सुटत नाही. शेठना कायद्याची भीती दाखवू नका, ते चिडतील. एवढंच विचारा, की या महिन्यात खांब, पडलेला माल आणि थांबलेला ट्रक मिळून किती गेले. तो आकडा तुमच्याकडे आहे. रेलिंग, निळे दिवे आणि पाइप मिळून किती होतात त्याचा कोटेशनचा कागद शेजारी ठेवा.

आणि लोक बारीकसारीक प्रकार सांगत नाहीत ही तक्रार पुढे येईलच. हेल्परच्या बुटाला चाक घासलं हे तुम्हाला कळलं ही चांगली खूण आहे, म्हणजे तो घाबरत नाही. शेठनी ऑपरेटर काढला तर पुढचा बूट घासेल तेव्हा कुणी सांगणार नाही. पहिले तीन महिने "वाचलो" असं सांगणाऱ्याला दंड नाही, बोलणी नाहीत, एवढं शेठकडून कबूल करून घ्या.

तर उद्या सकाळी वही घ्या आणि चौकात उभे राहा. शक्य असेल तर दुपारी तीन ते सात जास्त नीट बघा. मग इथे लिहा: गल्लीची रुंदी, शटरची दिशा, माणसं कशासाठी ओलांडतात त्यातली पहिली तीन कारणं. आणि ब्रेक कुणासाठी मारला होता, ते ऑपरेटरला एकट्याला बाजूला घेऊन, चहा देऊन विचारा. त्याचं उत्तर आलं की पुढचं बोलू.